ओपिनियन पोलमध्ये अल्पसंख्याकांचे आकडे का चुकतात?

पोलच्या खाली बारीक अक्षरात 'चूक-मर्यादा ±३ टक्के' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ही मर्यादा सगळ्या १,००० लोकांची मिळून असते. त्यातल्या छोट्या गटाला ती लागू होत नाही.

अमेरिकेचंच बघा. तिथे कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, म्हणजे १,००० जणांत १३०. सोपा हिशेब: ९८ ला गटातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. उत्तर येतं सुमारे ±८.६ टक्के. (मतं अगदी एकतर्फी असतील तर बरंच कमी.) त्यातले ६० जणच बोलायला तयार झाले, तर हाच आकडा १२.७ वर जातो. मग 'कृष्णवर्णीयांमध्ये पाठिंबा ५ टक्क्यांनी वाढला' या बातमीत काय उरलं? म्हणून मी टक्केवारीआधी त्या गटात किती माणसं होती ते शोधतो. ते दिलंच नसेल तर तो रकाना सोडून देतो.

कमी पडलेल्या गटाला पोलवाले 'वजन' देतात. ६० जणांचे १३० करायचे, तर प्रत्येकाचं उत्तर जवळपास २.२ वेळा मोजायचं. एकूण निकालात गटाचा वाटा बरोबर होतो, पण नवी माहिती काहीच येत नाही. साठ ते साठच!

वजन फार बारीक खाने पाडून दिलं तर काय होतं, ते २०१६ मध्ये दिसलं. यूएससी आणि लॉस एंजेलिस टाइम्सच्या पोलमध्ये सुमारे ३,००० जणांचं ठरलेलं पॅनेल होतं. त्यात इलिनॉयचा १९ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण ट्रम्प समर्थक होता. तसे तरुण पॅनेलमध्ये फारच थोडे, त्यामुळे त्याचं वजन सरासरीच्या ३० पटींपर्यंत गेलं. न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिलं की या एकट्यामुळे कृष्णवर्णीयांमधला ट्रम्प यांचा पाठिंबा दोन आकडी दिसत होता.

ऑनलाइन पोलची गंमत वेगळीच. बक्षिसासाठी कोणीही फॉर्म भरू शकतो, अशा एका सर्व्हेत प्यू रिसर्चने २०२२ मध्ये विचारलं, 'तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का?' स्वतःला हिस्पॅनिक म्हणवणाऱ्या २४ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं! इतरांमध्ये हे प्रमाण २ टक्के होतं. म्हणजे त्यातले बरेच जण काहीही टिक करत सुटले होते, आणि ते हिस्पॅनिक होते की नाही हाही प्रश्नच.

यावरचा खरा उपाय म्हणजे 'ओव्हरसॅम्पल': त्या गटातली ५०० माणसं मुद्दाम जास्त घ्यायची, आणि एकूण निकाल काढताना त्यांचं वजन खऱ्या वाट्याइतकं उतरवायचं. गटाची मर्यादा मग ±४.४ च्या आसपास येते. भाषाही महत्त्वाची. प्यू लॅटिनो लोकांचे सर्व्हे इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही घेते. फक्त इंग्रजीत विचारलं तर नव्याने आलेले लोक गळतातच. हे सगळं महाग पडतं, त्यामुळे रोजच्या पोलमध्ये क्वचितच होतं.