दोष डुकराचा, धडाही डुकराचाच

दुबईतल्या जबल अली बंदराच्या रीफर यार्डात, म्हणजे शीत कंटेनरांच्या आवारात, माझं काम तापमान राखायचं. गोठवलेलं मांस उणे 18 वर, सफरचंदं शून्याच्या जरा वर. प्लग सुटला की पळापळ. 2009 च्या एप्रिलअखेर स्वाइन फ्लूच्या धास्तीने अमिरातीने डुकराच्या मांसाची आयात आणि विक्री थांबवली, तेव्हा कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. नीट शिजवलेल्या मांसातून स्वाइन फ्लू होत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती, पण ऐकतो कोण! इजिप्तने तर देशातली सगळी, म्हणजे सुमारे 3 लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. ऑगस्टमध्ये माझ्या पुण्यात भारतातला पहिला बळी गेला आणि नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या.

साथ आली की आधी दोषी शोधायचा, ही बंदरांची जुनी रीत. फ्लूच्या महासाथीत, जून 1918 मध्ये, मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. पालिकेचे आरोग्याधिकारी टर्नर यांनी गोदीत लागलेल्या जहाजावर ठपका ठेवला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आयोवात डुकरं खोकू लागली. कोएन या सरकारी पशुवैद्याने हा माणसांचाच फ्लू असल्याचं ठणकावलं, तर धंदा बसेल म्हणून डुक्करपालक त्याच्यावरच उखडले. रिचर्ड शोप यांनी डुकरातला विषाणू 1931 मध्ये जाहीर केला. माणसातला हाती लागायला 1933 उजाडलं. 1918 चा आजार माणसानेच डुकराला दिला असावा, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात.

डुकराच्या श्वासनलिकेत माणसांचा फ्लूही रुजतो आणि पक्ष्यांचाही. म्हणून तिथे दोन्हींची सरमिसळ होऊन नवा विषाणू निपजू शकतो. पण आपल्याशी असलेलं हेच साम्य संशोधनाच्या कामी आलं. इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेत बाब्राहम जातीच्या, जनुकीयदृष्ट्या जवळपास एकसारख्या डुकरांवर फ्लूच्या लसींचा अभ्यास झाला. प्रतिपिंडं विषाणूचं बाहेरचं आवरण ओळखतात आणि ते तर सतत बदलतं. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींची नजर वेगळी. बाधित पेशी विषाणूच्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते, ते टी-पेशी हेरतात. ही आतली प्रथिनं फारशी बदलत नाहीत. शिवाय लस बारीक तुषारांतून फुप्फुसात सोडली, तर या पेशी तिथेच ठाण मांडतात. रक्त तपासून त्यांचा पुरता अंदाज येत नाही. फुप्फुस धुतलेलं पाणी तपासावं लागतं.

सुईखेरीजची वाट पुण्यालाही ठाऊक आहे. 2010 च्या जुलैत तिथल्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची ‘नॅसोव्हॅक’ ही फ्लूची लस बाजारात आणली. तिचं मूळ 1957 च्या लेनिनग्राड विषाणूत. थंडीला सरावलेला हा विषाणू नाकाच्या गारव्यात वाढतो, फुप्फुसाच्या उबेत मात्र त्याचं चालत नाही. माझं पोट तापमानावरच चालतं, त्यामुळे ही युक्ती मला एकदम पटली.

तरी फवारा म्हणजे रामबाण नव्हे. ऑक्सफर्डच्या ‘एस-फ्लू’ या प्रायोगिक लसीने फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात विषाणू घटवला. डुकरात फुप्फुसाची हानी कमी झाली, विषाणूचं प्रमाण मात्र तेवढंच राहिलं. म्हणजे आजार सौम्य होईल, संसर्ग थांबेलच असं नाही. फ्लूची नवी लस आली की नुसत्या फेरेटच्या निकालावर तिचा गाजावाजा करू नये. डुकरात काय झालं, तेही विचारावं.