खानेसुमारीच्या चिठ्ठ्या आणि गावांची नावे

विस्कळीत पानांतून रकानेबद्ध माहिती काढण्याचे काम संगणकाबरोबर आले, असा समज आहे. त्याचा एक ठळक दाखला मात्र १९०१ च्या खानेसुमारीत सापडतो.

१८८१ आणि १८९१ मध्ये गणकांच्या वह्यांवरून थेट गोषवाऱ्याच्या तक्त्यावर रेघा ओढून मोजणी होई. रेघ चुकली तर ती शोधायची कुठे? वही आणि तक्ता यांच्यामध्ये काहीच नव्हते. १९०१ मध्ये एच. एच. रिस्ले जनगणना आयुक्त असताना नवी रीत आली. बव्हेरियाच्या १८७१ च्या गणनेसाठी गेओर्ग फॉन मायर यांनी ती योजली होती. दर माणशी एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म कळे, खुणेवरून स्त्री-पुरुष आणि वैवाहिक स्थिती. आधी नक्कल, मग वाटणी, मग मोजणी, शेवटी तक्ता. दुसरा तक्ता हवा असेल तर त्याच चिठ्ठ्या पुन्हा लावायच्या. मध्य प्रांतात हे काम आर. व्ही. रसेल यांच्याकडे होते. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांदा जिल्ह्यातच होता.

सिंदेवाहीत बसून संकेतस्थळांवरच्या गावयाद्या लावताना मी हीच रीत पाळतो. मूळ पान जसेच्या तसे जपणे, त्यातला तक्ता वेगळा करणे, नावे-आकडे एकसारखे करणे आणि पडताळणी, अशा चार टप्प्यांसाठी चार छोटे स्वतंत्र प्रोग्रॅम. पानाची मांडणी बदलली, तर दुसराच तेवढा दुरुस्त करायचा.

खरी कसोटी तिसऱ्या टप्प्यात. आपल्याकडच्या गावनावांना चक, माल, तुकूम, रिठी असे शब्द जोडलेले असतात. रिठी म्हणजे उजाड गाव. हा शब्द फालतू समजून छाटला, तर वसते आणि ओसाड गाव एकच होऊन बसते. २०११ च्या जनगणनेत गावांना सहा अंकी क्रमांक मिळाले, पण जुन्या याद्यांत ते नाहीत. म्हणून मूळ नाव एका रकान्यात आणि सुधारलेले दुसऱ्यात ठेवावे. मूळ कधीही पुसू नये.

यात बरेच काही पणाला लागलेले असते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल पुरावा म्हणून धरले आहेत. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, दाखवाव्या लागतात. म्हणजे १९३० च्या मागे जाणे आले. तिथे गावाचे नाव हरवले, तर दाव्याचा एक आधार जातो.

टप्पे पाडल्याने सगळेच सुटते असे नाही. १९०१ मध्ये आदिवासींचा देवधर्म ‘ॲनिमिस्ट’ या एका शब्दात बसवला गेला. नकलेतली चूक वहीशी ताडून सापडते, पण रकानाच तोकडा असेल तर पुढची कितीही काटेकोर मोजणी ती उणीव भरून काढत नाही. म्हणून रकाने ठरवण्याआधी त्या गावच्या माणसांना विचारावे. आणि दाव्याला आपली तयार यादी नव्हे, तिच्यावरून गाठलेले मूळ पान जोडावे.