तुरटी, डायलिसिसचं पाणी आणि काट्यावरचं वजन

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की घरातलं कुणीतरी मोठं माणूस हंड्यात तुरटीचा खडा फिरवायचं. थोड्या वेळाने गाळ तळाशी बसायचा आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. जलशुद्धीकरण केंद्रांतही तत्त्व तेच: तुरटी किंवा अ‍ॅल्युमिनियमचंच दुसरं संयुग पाण्यात घालून गाळ खाली बसवायचा. पिणाऱ्याला त्याने काही होत नाही. पण तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल, तर या खड्याची गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. एकेकाळी याच अ‍ॅल्युमिनियमने डायलिसिसच्या रुग्णांचे जीव घेतले आहेत.

हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली पहिलं कृत्रिम मूत्रपिंड वापरलं, पण ते चार दिवसांची अडचण निभावण्यापुरतं होतं. वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगणं शक्य झालं ते १९६० नंतर. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातातल्या रक्तवाहिन्यांत कायम ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली, आणि त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स पुढे अकरा वर्षं जगला.

आपल्याकडे अनेक घरांत ‘डायलिसिस’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीत चंडीगडला स्थानबद्ध असताना त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणलं. (त्या रुग्णालयाचं उद्घाटन दोनच वर्षांपूर्वी इंदिरा गांधींच्या हस्ते झालं होतं!) मूत्रपिंडं निकामी झाली होती. तिथून ८ ऑक्टोबर १९७९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, जेपी डायलिसिसवर जगले आणि त्याच काळात त्यांनी एक सरकार बदललेलं पाहिलं.

नेमकी हीच वर्षं अ‍ॅल्युमिनियमचं कोडं सुटण्याची होती. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये डायलिसिसवर काही वर्षं काढलेल्या रुग्णांचं बोलणं अडखळू लागलं, मग झटके, विस्मरण आणि काही महिन्यांत मृत्यू. १९७६ साली अ‍ॅलन आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूचा करडा भाग तपासला. त्यात दर किलोमागे सरासरी २५ मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम निघालं. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार नव्हता त्यांच्यात ते जेमतेम २ मिलिग्रॅम होतं. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये वेगळंच दिसत होतं: रुग्णांची हाडं मऊ पडून मोडत होती आणि ड जीवनसत्त्व देऊनही सुधारत नव्हती. १९७८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते पाण्यावर. ज्यांचं पाणी क्षार पूर्ण काढून वापरलं जात होतं, त्यांची हाडं बरी राहत होती.

पिऊन न बाधणारं पाणी इथे का बाधलं? आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचा एक टक्काही आतड्यातून रक्तात जात नाही आणि जातो तेवढा मूत्रपिंडं बाहेर टाकतात. डायलिसिसमध्ये मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव रक्ताशेजारून वाहतो, मध्ये फक्त एक पातळ पडदा. चार तासांत १२० लिटर. आठवड्यातून तीनदा. म्हणूनच आज प्रत्येक केंद्रात आर.ओ. संयंत्र असतं. त्याची देखभाल आणि पाण्याची तपासणी कधी झाली, हे तुम्ही जरूर विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही.

दुसरा रस्ता तोंडावाटे होता. रक्तातला फॉस्फरस वाढू नये म्हणून त्या काळी डॉक्टर स्वतःच अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड देत. आता त्याजागी कॅल्शियमच्या किंवा सेव्हेलॅमरसारख्या गोळ्या आल्या आहेत. पण तेच अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड अ‍ॅसिडिटीच्या अनेक गुलाबी-पांढऱ्या बाटल्यांत आजही असतं आणि मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं. वर लिंबूपाणी घेतलं तर ते जास्तच शोषलं जातं. डायलिसिसच्या रुग्णाने अशी बाटली आपल्या डॉक्टरांना न दाखवता घेऊ नये.

आता वजनाकडे वळतो, कारण त्याचा एक धडा पुण्यातूनच गेला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा किलो सांगतो, ते किलो कशाचे ते सांगत नाही.

डायलिसिसमध्ये या घोळात पाण्याची भर पडते. सूज आणि जादा पाणी काढल्यावर राहणारं ते ‘ड्राय वेट’. समजा, ते ५८ किलो ठरलं. पुढच्या सहा महिन्यांत भूक मंदावून दोन किलो स्नायू झिजले, तरी प्रत्येक सत्रानंतर काटा ५८ वरच थांबवला जातो. म्हणजे ते दोन किलो पाण्याचे. माणूस वाळतोय आणि कागदावर सगळं ठीक! रक्तदाब चढतो, रात्री आडवं पडलं की दम लागतो. उलटही घडतं: माणूस नीट जेवू लागतो, अंग भरतं, पण जुनाच आकडा धरून पाणी ओढलं की पायात गोळे येतात, चक्कर येते.

स्नायू झिजण्यामागे एक जुनी सवयही आहे. डायलिसिसआधी आम्हीच प्रथिनं कमी करायला सांगतो, आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही घरात तोच नियम पाळला जातो. प्रत्यक्षात दर सत्रात अनेक ग्रॅम अमिनो आम्लं निघून जातात, त्यामुळे आता दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५८ किलोच्या माणसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम. पातळ वरण-भातात ती भरत नाहीत. अंड्याचा पांढरा भाग, चिकन, मासे, बेताने डाळ आणि पनीर, यांचं माप आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. डाळीतला फॉस्फरस बराचसा शोषलाच जात नाही. कोला आणि पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेला मात्र जवळजवळ सगळा शोषला जातो.

ढिली झालेली अंगठी, सैल झालेला ब्लाउज, बाटलीचं झाकण उघडताना कमी पडणारी ताकद या गोष्टी काट्याआधी घरच्यांना दिसतात. त्या दिसल्या की पुढच्या डायलिसिसच्या दिवशी टेक्निशियनला नव्हे, डॉक्टरांना सांगा आणि ड्राय वेट नव्याने ठरवून मागा.