गल्लीतले मिथुन

‘डिस्को डान्सर’ हा सिनेमा मी थिएटरात चार वेळा पाहिला. त्यातली पहिली खेप जगजाहीर आहे, कारण ती पाहून मी आमच्या शहरातल्या एका साप्ताहिकात लेख लिहिला आणि सिनेमाची यथेच्छ टर उडवली. उरलेल्या तीन खेपांविषयी आज पहिल्यांदाच बोलतोय. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या मास्तरानं पुरावा दडवू नये, म्हणून.

साल १९८३. आजचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. वाळूजला बजाजचा कारखाना यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळं कारखान्यातली नोकरी म्हणजे चिकलठाण्याची एमआयडीसी. माझा धाकटा भाऊ आयटीआय करून तिथं फिटर म्हणून लागला होता. मी नुकताच कॉलेजात शिकवायला लागलो होतो आणि सत्यजित राय, मृणाल सेन ही नावं मला लोणच्यासारखी प्रत्येक घासाला लागायची. मुंबईत डिसेंबर १९८२ मध्ये लागलेला हा सिनेमा काही महिन्यांनी आमच्याकडे आला, तेव्हा मी गेलो तो मिथुन चक्रवर्तीमुळं. सेन यांच्या ‘मृगया’त, म्हणजे पहिल्याच सिनेमात, राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा नट. तो चमचमत्या कपड्यांत कंबर हलवताना पाहून मला वैयक्तिक अपमान झाल्यासारखं वाटलं.

लेखाला मालमसाला भरपूर होता. खलनायक इलेक्ट्रिक गिटारीत वीज सोडतो, ती गिटार नायकाची आई हातात घेते आणि जागीच मरते. मग नायकाला गिटारीचीच धास्ती बसते! बप्पी लाहिरींच्या चाली कुठून आल्या, तेही मी ठणकावून लिहिलं. ‘जिमी जिमी’मागं ओटावान नावाच्या फ्रान्समधल्या जोडीचं गाणं होतं, तर उषा उथुप यांच्या गाण्यामागं इंग्लंडच्या बगल्सचं. यात खोटं काही नव्हतं. आजही नाही.

शिवाय डिस्को तोवर शिळा झाला होता. न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये काळे, लॅटिन वंशाचे आणि समलिंगी अशा बाजूला टाकलेल्या लोकांनी तो जोपासला, १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’नं तो जगभर नेला आणि १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्या चक्क स्फोटकांनी उडवण्यात आल्या. आपल्याकडे १९८० च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसनचा आवाज घुमला, तेव्हा तिकडं तेरावं उरकलं होतं. फॅशन आपल्याकडं उतरत्या किमतीतच पोचते, असं एक वाक्य मी लिहिलं होतं. त्या वाक्यावर मी फार खूश होतो.

पण लेखाचा शेवट वेगळा होता. शेवटी मी ‘गल्लीतल्या मिथुनां’कडे वळलो. लग्नाच्या कपड्यांवरची सोनेरी लेस काढून पँटीला लावणाऱ्या कामगार पोरांवर दोन ओळी लिहिल्या. नाव कुणाचंच नव्हतं. मात्र पँट खरी होती, माझ्या भावाची. सिटी चौकातल्या एका शिंपीचाचांनी ती मोठ्या हौसेनं शिवली होती. “नाचते वखत उधडी तो मेरे कू बोलना,” असा भरवसाही दिला होता. गल्लीच्या गणपतीपुढं भाऊ नाचणार होता. लेख छापून आला त्याच्या आधीच्या आठवड्यात. नाचाच्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, पोट बिघडलंय. पँट पुन्हा कुणी पाहिली नाही आणि लेखाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.

दुसऱ्यांदा मी गेलो तो यामुळं. त्याला त्यात काय दिसलं, ते बघायला.

आणि मग ती सुरुवात नीट पाहिली. मुंबईच्या रस्त्यावर एक मुलगा आणि त्याचा जोडीदार, राजेश खन्ना, गाऊन-नाचून पोट भरतात. ते गाणं आपल्याच सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर यांच्या आवाजातलं. डिस्कोचा त्यात मागमूस नाही, आहे तो रस्त्यावरचा खेळ. श्रीमंताच्या घरातल्या गिटारीपायी चोरीचा आळ येतो, आई तुरुंगात जाते, पोराला चोराचं पोर म्हणून हिणवतात आणि मायलेकांना मुंबई सोडावी लागते. पुढचा सगळा चकचकाट या एका आळाच्या उत्तरासाठी आहे. पहिल्या खेपेला मी हा भाग पाहिला होता की खारे दाणे खात होतो, देव जाणे.

श्रेयनामावलीत लेखक म्हणून नाव होतं राही मासूम रझा. ‘आधा गाँव’सारखी कादंबरी लिहिणारा, पुढं बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’चे संवाद लिहिणारा माणूस! मी ते नाव पहिल्यांदा वाचलं होतं आणि लेखातून गाळलं होतं, कारण ते माझ्या थट्टेत बसत नव्हतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हे करणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

तिसऱ्या आणि चौथ्या खेपेला मात्र कारणबिरण काही नव्हतं. मजा येत होती, म्हणून गेलो.

मित्रहो, पुढं या सिनेमानं जे केलं ते आमच्यासारख्यांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. १९८४ मध्ये तो सोव्हिएत संघात लागला आणि त्याची सहा कोटींच्या आसपास तिकिटं विकली गेली. तीस वर्षांपूर्वी तिथं ‘आवारा’ गाजला होता, त्याच तोलामोलाचा हा आकडा. ‘आवारा’तही रस्त्यावरचा पोर, आई आणि माथी बसलेला शिक्का आहेच. ताश्कंदच्या प्रेक्षकाला शिकागोत काय उडवलं याची फिकीर असायचं कारण नव्हतं. त्याला आई कळत होती.

त्याहून नवल २०२२ चं. त्या वर्षी फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनमध्ये कोविडच्या कडक टाळेबंदीत घरात कोंडलेल्या लोकांनी त्यांचंच ‘जिमी जिमी’ लावलं आणि रिकामी भांडी दाखवत व्हिडिओ काढले. चिनी भाषेत ‘जिए मी’ म्हणजे तांदूळ उसने द्या. तक्रार करायची सोय नव्हती, गाणं म्हणायची होती. उसन्या चालीवर उसना तांदूळ! चाळीस वर्षांपूर्वी त्या चालीला चोरीची म्हणताना मी तिचं आयुष्य एवढं धरलं नव्हतं. मिथुनना त्या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, तो २०२४ मध्ये त्यांनी हातात घेतला.

त्याच सुमारास भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झालीत, राहतो सिडकोत. एका दुपारी मी त्याच्याकडं गेलो आणि त्याच्या टीव्हीवर ‘डिस्को डान्सर’ लावला. वहिनी म्हणाली, हे काय भलतंच. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसलो. गिटारीनं आई मरते तिथं मी हसलो नाही, तोच हसला. स्पर्धेच्या गाण्याला त्यानं उशीवर ठेवलेल्या पायाचा अंगठा तालात हलवला.

सिनेमा संपल्यावर मी तो लेख काढलाच. म्हटलं, मी तुझ्यावर लिहिलं होतं, तुला तेव्हाच कळलं ना?

“कळलं की,” तो म्हणाला. “पण तू त्यात चूक केली होतीस.”

“कोणती?”

“लेस चंदेरी होती. तू सोनेरी लिहिलंस.”