शालेय संकुलांची सुरक्षितता : प्रवेशाचा बंदोबस्त आणि सुटकेचा मार्ग

शाळेच्या फाटकाकडून दोन अपेक्षा बाळगल्या जातात. अनोळखी माणसाला त्याने आत येऊ देऊ नये आणि संकट ओढवल्यास आतील शेकडो मुलांना काही मिनिटांत बाहेर सोडावे. पहिली अपेक्षा पूर्ण करण्यासाठी कुलूप लागते, दुसरीसाठी ते नसावे लागते. देशातील शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींची आखणी आणि देखभाल यांविषयीचे बहुतेक प्रश्न या एका विसंगतीपाशी येऊन थांबतात. दाट वस्तीच्या जुन्या शहरांत ती अधिक तीव्रतेने जाणवते. कोलकात्यातील एस्प्लनेड परिसर हे त्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल.

एस्प्लनेड म्हणजे किल्ल्यासमोरील मोकळी जागा. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधला आणि तोफांच्या माऱ्याला अडथळा राहू नये म्हणून त्याच्या सभोवतालची झाडी व वस्ती हटवली. त्यातून आजचे विस्तीर्ण मैदान निर्माण झाले आणि त्याच्या उत्तर टोकाच्या भागाला एस्प्लनेड हे नाव पडले. मुंबईच्या किल्ल्याबाहेरही असेच एस्प्लनेड होते. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच उरलेले तुकडे होत. मुंबई विद्यापीठाची फोर्टमधील इमारत याच पट्ट्यात उभी राहिली.

मराठी वाचकांना कोलकात्याचा आणखी एक संदर्भ परिचयाचा असेल. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये या शहराभोवती ‘मराठा खंदक’ खोदण्यास प्रारंभ झाला. तो पूर्ण झाला नाही आणि शहरावर मराठ्यांचा हल्लाही झाला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस खंदक बुजवून त्या मार्गाने सर्क्युलर रोड काढण्यात आला. बाहेरून येणाऱ्या शत्रूच्या धास्तीने झालेली ही खर्चिक तयारी होती. शाळांच्या सुरक्षेचा विचार करतानाही बाहेरच्या माणसाचीच धास्ती अग्रभागी असते, हे पुढे दिसून येईल.

आज एस्प्लनेड हे कोलकात्याच्या वाहतुकीचे केंद्र आहे. देशातील पहिली भुयारी मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या मार्गावर धावली. हुगळी नदीखालून हावड्याकडून येणारी मेट्रोही मार्च २०२४ पासून येथे पोहोचते. पश्चिमेला मैदान मोकळे असले तरी पूर्वेला धर्मतला, न्यू मार्केट आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी रस्ता हा भाग अत्यंत गजबजलेला आहे. दुकाने, गोदामे, कार्यालये, निवासी घरे आणि शाळा तेथे एकमेकांना खेटून आहेत. अशा ठिकाणी शेजारच्या इमारतीतील आग ही शाळेचीही आग ठरू शकते.

बंद दारांमागील मृत्यू

एस्प्लनेडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर पार्क स्ट्रीट आहे. १८६० मध्ये स्थापन झालेले सेंट झेवियर्स महाविद्यालय याच रस्त्यावर आहे. तेथील स्टीफन कोर्ट या जुन्या इमारतीला २३ मार्च २०१० रोजी आग लागली व ४३ जणांचा मृत्यू झाला. वरच्या मजल्यांवरील अनेक जण जिन्याने गच्चीकडे धावले, परंतु गच्चीचे दार बंद होते. पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर २०११ रोजी, दक्षिण कोलकात्यातील आमरी रुग्णालयात पहाटे आग लागली. तळघरात साठवलेले ज्वलनशील साहित्य पेटले, धूर वरच्या मजल्यांवर पसरला आणि सुमारे नव्वद जणांचा बळी गेला. त्यांतील बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला.

या दोन्ही इमारती शाळा नव्हत्या. परंतु गच्चीला कुलूप लावणे आणि तळघरात किंवा जिन्याखाली जुने सामान कोंबणे या सवयी शाळांतही सर्रास आढळतात. मुले गच्चीवरून पडू नयेत म्हणून दार बंद केले जाते. त्यामागील हेतू योग्यच आहे. किल्ली कोणाजवळ आहे आणि तो शिपाई रजेवर असताना ती कोठे मिळते, हे मात्र बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसते.

शाळांशी संबंधित दोन दुर्घटनांनी देश हादरला. हरियाणातील मंडी डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाला आग लागली. बाहेर पडण्यास एकच वाट असल्याने चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागली. वरच्या मजल्यावरील वर्गांत अडकलेल्या ९४ मुलांचा अंत झाला. उतरण्यासाठी अरुंद जिना, वर ज्वलनशील छप्पर आणि एका इमारतीत मावतील त्याहून कितीतरी अधिक मुले, असे ते चित्र होते.

कुंभकोणमच्या घटनेनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या नावाने तो ओळखला जातो. शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित इमारतीत शिकण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. इमारती राष्ट्रीय इमारत संहितेनुसार असाव्यात, आग विझवण्याची साधने बसवावीत आणि शिक्षक व कर्मचाऱ्यांना ती वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे निर्देशही देण्यात आले.

संहिता काय सांगते

राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५ व २०१६ च्या आवृत्त्यांत शैक्षणिक इमारतींचा स्वतंत्र वर्ग आहे. ही संहिता स्वतः कायदा नाही. राज्यांचे अग्निशमन कायदे आणि महापालिकांच्या बांधकाम नियमावल्या तिचा स्वीकार करतात, तेव्हाच तिला बळ प्राप्त होते. पश्चिम बंगालमध्ये १९५० चा अग्निशमन सेवा कायदा आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ हा डिसेंबर २००८ पासून लागू झाला.

संहितेतील काही तरतुदी कोणत्याही पालकाला मोजपट्टी घेऊन तपासता येण्याजोग्या आहेत. शाळेच्या जिन्याची रुंदी किमान दीड मीटर असावी. ४५ हून अधिक व्यक्तींची क्षमता असलेल्या खोलीला दोन दारे असावीत. बाहेर पडण्याच्या मार्गावरील दार बाहेरच्या बाजूस उघडावे, कारण घाबरलेला जमाव दारावर रेटला गेला की आत उघडणारे दार उघडताच येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची तरतूद अशी की, असे दार आतील व्यक्तीला किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे.

ही शेवटची अट वाचताना साधी वाटते. प्रत्यक्षात कोलकात्यातील किंवा मुंबईतील जुन्या शाळांच्या जिन्यांवर लोखंडी जाळीचे सरकते दार असते. मधल्या सुट्टीनंतर ते ओढून त्याला कुलूप घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. कागदोपत्री अशा इमारतीला दोन जिने असतात, परंतु भर शाळेच्या वेळी त्यांपैकी एकच वापरात असतो. आग विझवण्याचे सिलिंडर भिंतीवर टांगलेले असूनही ही त्रुटी भरून निघत नाही.

धोका बाहेरचा की आतला

कुलपे वाढण्याचे कारण केवळ निष्काळजीपणा नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राम येथील एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बदलापूर येथे एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि संतप्त नागरिकांनी २० ऑगस्ट रोजी रेल्वेमार्ग रोखून धरला. त्यानंतर राज्य सरकारने शाळांना एका महिन्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे आदेश दिले. तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि २०२२ मध्येच ठरवून दिलेल्या सखी सावित्री समित्यांचे काम यांवरही भर देण्यात आला.

या दोन्ही घटनांतील एक बाब मात्र चर्चेत मागे पडते. गुरुग्राम प्रकरणात प्रथम बसवाहकाला अटक झाली होती. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला आरोपी केले. बदलापूर प्रकरणातील आरोपी शाळेतच सफाई कर्मचारी होता. दोन्ही वेळी धोका फाटकावरून उडी मारून आलेला नव्हता. फाटकाला आणखी एक कुलूप लावल्याने तो टळला नसता.

अशा धोक्याला उत्तर इमारतीच्या आखणीत आणि माणसांच्या नेमणुकीत शोधावे लागते. लहान मुलांची स्वच्छतागृहे मार्गिकेच्या अंधाऱ्या टोकाला न ठेवता वर्गांच्या नजरेच्या टप्प्यात असावीत. मुले व मुली यांच्यासाठी ती स्वतंत्र असावीत, ही शिक्षण हक्क कायदा २००९ मधील अटही आहे. वर्गाच्या दाराला काचेची लहान खिडकी असावी. लहान मुलींना स्वच्छतागृहापर्यंत नेण्याचे काम महिला कर्मचाऱ्याकडे असावे. कॅमेरा घडलेली गोष्ट नोंदवतो, परंतु चित्रण कोणी पाहत नसेल किंवा यंत्रणाच बंद असेल, तर त्या नोंदीचाही उपयोग होत नाही.

मग कुलूप कोठे असावे? संकुलाच्या बाह्य हद्दीवर. तेथे पहारेकरी, येणाऱ्यांची नोंदवही आणि ओळखपत्र यांची व्यवस्था करता येते, आणि शाळेच्या वेळेत पहारेकरी किल्लीसह तेथेच उपस्थित राहू शकतो. इमारतीच्या आत, जिन्यांवर आणि गच्चीच्या दारावर कुलपाऐवजी आतून ढकलताच उघडणारी आडवी दांडी बसवावी. दार उघडल्यावर घंटा वाजेल अशी जोड दिल्यास खोडकर मुलांचाही बंदोबस्त होतो. हा खर्च कॅमेऱ्यांच्या संचापेक्षा फार अधिक नाही. कॅमेऱ्यांसाठी शासकीय आदेश निघतो, दारांच्या दांड्यांसाठी तो क्वचितच निघतो, एवढाच फरक.

जुन्या इमारतींबाबत दारांइतकाच प्रश्न छपरांचा आहे. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावात सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले दगावली. महाराष्ट्रातील महापालिकांत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. पावसाळ्यापूर्वी गच्चीवरील पाण्याचा निचरा आणि विजेच्या तारांचे जोड तपासणे हे मुख्याध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.

मैदान पुरेसे नाही

इमारतीतून बाहेर पडल्यानंतर मुले कोठे जमणार, हा पुढचा प्रश्न. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छच्या भूकंपावेळी अंजार येथे प्रजासत्ताक दिनाची मिरवणूक अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे कोसळून १८५ विद्यार्थी व २० शिक्षक त्याखाली गाडले गेले. मुले इमारतीबाहेर होती, तरीही सुरक्षित नव्हती. एस्प्लनेडच्या पूर्वेकडील गल्ल्यांतील शाळांना हा धडा थेट लागू पडतो. फाटकाबाहेरचा पदपथ फेरीवाल्यांच्या प्लास्टिकच्या छपरांनी व्यापलेला असेल, तर त्याला जमण्याचे ठिकाण म्हणता येत नाही. कोलकात्याचे मैदान जवळ असले तरी वाहतुकीने भरलेला चौरंगी रस्ता मधे आहे. पाचशे मुलांना तो ओलांडून नेण्यासाठी वाहतूक पोलिसांशी आधीच ठरवून ठेवावे लागते.

मोकळी जागा असूनही निर्णय चुकला तर काय होते, हे जपानने ११ मार्च २०११ रोजी अनुभवले. इशिनोमाकी येथील ओकावा प्राथमिक शाळेत भूकंपानंतर मुलांना नियमाप्रमाणे मैदानात आणण्यात आले. त्सुनामीची सूचना मिळूनही कोठे जायचे यावर शिक्षकांची चर्चा सुमारे पन्नास मिनिटे चालली. शाळेमागे टेकडी होती. लाटेत ७४ मुले व १० कर्मचारी मृत्युमुखी पडले. पालकांनी दावा दाखल केला. शाळेच्या आपत्कालीन आराखड्यात मैदानानंतरचे ठिकाण निश्चित केलेले नव्हते, ही आधीच्या नियोजनातील त्रुटी असल्याचे सेंदाई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. २०१९ मध्ये तो निकाल जपानच्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षा धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक शाळेचा स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असावा आणि सराव नियमितपणे व्हावेत, असे त्यांत नमूद आहे. सराव बहुतेक शाळांत आधी जाहीर करून, चांगल्या हवेत आणि मुख्य जिन्यानेच घेतला जातो. त्याची छायाचित्रे काढली जातात. मुख्य जिना बंद आहे असे गृहीत धरून, मधल्या सुट्टीत, हजेरीपट घेऊन आणि चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासह सराव केल्यास कोणत्या दाराची किल्ली सापडत नाही ते तत्काळ कळते.

महाराष्ट्रात २००६ च्या अधिनियमानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. पालकांनी पालक-शिक्षक संघाच्या सभेत ते पाहण्यास मागावे. त्याच सभेत जिन्यावरील जाळीच्या दाराची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारता येईल.