शाळा अंगणात नेताना : बोर्डी-कोसबाडचा प्रयोग

डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या अनेक साधनांमागे एक विचार होता : मुलापुढे एका वेळी एकच गुणधर्म ठेवावा. मनोऱ्याचे दहा ठोकळे एकाच रंगाचे, एकाच घडणीचे. फरक केवळ मापाचा, एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत. त्यामुळे मुलाचे लक्ष विभागत नाही. ठोकळा चुकला तर मनोराच ते दाखवून देतो, शिक्षकाला बोलावे लागत नाही.

हा विचार गुजरातेत रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. तथापि ही साधने महाग होती. ती सुस्थित घरांतील मुलांपुरतीच राहण्याचा संभव होता.

१९४५ साली ताराबाईंनी तत्कालीन ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. महाग साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया, पाने यांनी घेतली. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. दोन शिंपले रंगाने, वजनाने, आकाराने, सगळ्याच बाबतींत वेगळे असतात. ठोकळे घडवताना कारागिराने जी निवड आधीच केलेली असते, ती येथे शिक्षिकेलाच रोज करावी लागणार : आज फक्त लहान-मोठे, उद्या फक्त गुळगुळीत-खरखरीत. साधन स्वस्त झाले, पण शिक्षिकेवरचा भार वाढला, असेच म्हणावे लागते.

त्यातच मुले शाळेत येईनात. तेव्हा शिक्षिका वस्तीत जाऊन अंगणातच वर्ग भरवू लागल्या, हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखत. गुरे सोडून या, असे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून शाळाच कुरणावर गेली आणि तिला कुरणशाळा म्हणू लागले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर पोचले. मात्र पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी अशा योजनेतील सहा सेवांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक होती, आणि शिंपले निवडून मांडायला लागणारा वेळ एकट्या सेविकेने काढायचा होता.