वॉकी-टॉकी घेताय? आधी फ्रिक्वेन्सी बघा, मग किंमत

डोंगराकडच्या वाड्या, धरणामागची गावं, लांबवर पसरलेली शिवारं. मोबाईलला रेंज नाही तिथं रात्रीच्या राखणीला, ऊसतोडीला किंवा जत्रेतली गर्दी सांभाळायला वॉकी-टॉकी खरंच कामाला येतो. सिमकार्ड नको, रिचार्ज नको. बटण दाबलं की बोलणं सुरू. पण हा मोबाईल नाही. तुमचा आवाज त्या फ्रिक्वेन्सीवरच्या जवळपासच्या प्रत्येक सेटवर जातो. ती फ्रिक्वेन्सी पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला दिलेली असेल, तर ऐन गरजेच्या वेळी त्यांचं बोलणं तुमच्यामुळे तुटू शकतं. म्हणून तर यासाठी नियम आहेत.

विनापरवाना कोणता सेट चालतो?

केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटला परवाना लागत नाही. या सेटची ताकद साधारण अर्धा वॅट असते. मोकळ्या रानात एक-दोन किलोमीटर बोलणं होतं, मध्ये टेकडी किंवा दाट झाडी आली की अंतर कमी होतं. 'दहा किलोमीटर रेंज' अशी जाहिरात दिसली तर फसू नका.

विनापरवाना सेट असला तरी त्या मॉडेलला सरकारची तांत्रिक मंजुरी, म्हणजे ईटीए, लागते. ती दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळते.

घोटाळा कुठं होतो?

ऑनलाइन मिळणारे बरेच स्वस्त सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ अशा मोठ्या पट्ट्यात चालतात. त्यांची ताकदही चार-पाच वॅट असते. असे सेट परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. दुकानात उघड मिळतो म्हणजे कायदेशीर आहे, असं समजू नका. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं यासाठी ऑनलाइन विक्रेत्यांना नियम घालून दिले. फ्रिक्वेन्सी, परवाना लागतो की नाही आणि ईटीएची माहिती विक्रीच्या पानावर देणं त्यात बंधनकारक केलं आहे.

अमेरिकेतून नातेवाईकांनी आणलेला सेटही तपासा. तिथले घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथं चालतात म्हणून इथं चालतील असं नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्यात विनापरवाना रेडिओ उपकरण बाळगल्यास पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत आणि पुढं प्रत्येक वेळी २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे सेटच्या किमतीपेक्षा दंडच कितीतरी जास्त!

घेताना काय बघायचं?

- फ्रिक्वेन्सी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढीच लिहिलेली आहे का?
- विक्रेता ईटीए क्रमांक देतो का?
- पक्कं बिल मिळतं का? ते जपून ठेवा.
- सेटची अँटेना बदलू नका, ताकद वाढवून घेऊ नका. तसं केलं की विनापरवाना सवलत राहत नाही.

बोलायची रीत

या पट्ट्यात चॅनेल मोजकेच आणि सगळ्यांचे मिळून आहेत. 'हा चॅनेल आमचा' असं कुणालाच म्हणता येत नाही.

१. आधी ऐका. कुणी बोलत असेल तर थांबा, नाहीतर दुसरा चॅनेल घ्या.
२. बटण दाबून एक क्षण थांबा, मग बोला. नाहीतर पहिला शब्द कापला जातो.
३. ज्याला बोलवायचं त्याचं नाव आधी, आपलं नंतर: "खळं, खळं, मी बांधावरून बोलतोय. ओव्हर."
४. थोडक्यात बोला आणि बटण सोडा. तुम्ही बटण दाबून धरलं तर समोरच्याचं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि इतरांचाही चॅनेल अडतो.
५. गाणी, शिव्या, टिंगल नको. पोरांच्या हातात खेळायला देऊ नका.
६. पैसे, घराला कुलूप, कोण एकटं आहे असल्या गोष्टी बोलू नका. 'प्रायव्हसी कोड' लावला तरी दुसऱ्याला ऐकू येऊ शकतं. त्या कोडमुळे फक्त तुम्हाला इतरांचा आवाज येत नाही.
७. कुणी मदतीची हाक दिली तर बाकीच्यांनी गप्प बसायचं.

अडचणीच्या वेळी

वॉकी-टॉकीवरून ११२ लागत नाही. म्हणून रात्रीच्या राखणीला जाताना एक सेट मोबाईलला रेंज असलेल्या ठिकाणी, जाग्या माणसाजवळ ठेवा. रानातून बिबट्याची किंवा अपघाताची खबर आली की तो लगेच ११२ ला फोन करेल.

जास्त लांबवर बोलायची हौस असेल तर हॅम रेडिओचा रस्ता आहे. वय १२ पूर्ण असेल तर सरकारी परीक्षा देऊन परवाना आणि स्वतःची कॉल साइन मिळते. मात्र तो छंदासाठी आणि शिकण्यासाठी असतो, धंद्यासाठी वापरता येत नाही.

मंडळासाठी किंवा गावकीसाठी एकदम बरेच सेट घेणार असाल तर पैसे देण्याआधी मॉडेल आणि ईटीए क्रमांक एका कागदावर लिहून घ्या. विक्रेता तेवढंही देत नसेल, तर तो सेट घेऊच नका.